सासू-सासऱ्यांना बेटावरच्या कॉटेजला न्यावं का?

प्रश्न: आम्ही कॅनडात मिसिसागाला राहतो. जुलैत दोन आठवड्यांसाठी सेंट लॉरेन्स नदीतल्या ‘थाउजंड आयलंड्स’मधलं, गॅनानॉक्वेजवळचं एका बेटावरचं कॉटेज भाड्याने घेतलं आहे. किनाऱ्यापासून बोटीने दहा मिनिटं. कॉटेजसोबत सोळा फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट आणि वीस हॉर्सपॉवरची मोटर मिळणार आहे. मालकांनी बोटीवरच्या पाटीचा फोटो पाठवलाय, त्यावर ५ माणसं आणि ४८० किलो असं लिहिलं आहे. आम्ही दोघं, ९ आणि १३ वर्षांची मुलं आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे असे सहा जण. सासऱ्यांना मधुमेह आहे, गुडघेही दुखतात. ते शेतकरी, पाण्याला घाबरत नाहीत. सासूबाई मात्र सारखं विचारतात, “नदीला पूर आला तर?” नळाला नदीचंच पाणी येतं म्हणे. नवरा म्हणतो, रिसॉर्टसारखंच असतं, काळजी कसली. आम्हा दोघांनाही बोट चालवायची सवय नाही. त्यांना न्यावं की नको?

उत्तर:

ताई, जरूर न्या. पण रिसॉर्टला निघालोय असं समजून निघू नका. रिसॉर्टमध्ये पाणी, कचरा, वीज, डॉक्टर हे दुसरं कोणीतरी बघतं. बेटावर ते सगळं तुम्हालाच बघायचं आहे आणि त्यातलं बहुतेक सगळं त्या सोळा फुटी बोटीतून ये-जा करणार आहे. म्हणून आधी बोट, मग पाणी, बाकीचं नंतर.

सगळ्यात धोक्याचे दिवस दोनच, पहिला आणि शेवटचा. अपघाताची भीती सगळ्यांना पोहण्यात वाटते, पण सामान, म्हातारी माणसं, मुलं, घाई आणि बोटीची सवय नसलेला चालक हे सगळं एकत्र येतं ते या दोन दिवशी. तुमच्याच बोटीचा हिशोब बघा. पाटीवरचे ४८० किलो हे नुसत्या माणसांचं वजन नाही. त्यात मोटर, पेट्रोल आणि बोटीतलं सामानही धरलेलं असतं. वीस हॉर्सपॉवरची मोटर साधारण ५० किलो, भरलेली टाकी २२, नांगर-दोर-वल्ही वगैरे १५. हे ८७ वजा केले की उरतात ३९३. सरासरी ७० किलोंची पाच माणसं बसली की ३५० गेले. राहिले ४३ किलो, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे कॅन. सहावा माणूस, बॅगा, तांदूळ, कूलर यांना जागाच नाही. ओव्हरलोड बोट सरळ बुडत नाही. ती पाण्यात खोल बसते, वळताना जड जाते आणि शेजारून गेलेल्या बोटीची एक लाट मागच्या बाजूने आत येते. मग आतलं पाणी एका कुशीला जमतं आणि बोट कलंडते.

त्यामुळे जाताना आणि परतताना गॅनानॉक्वेहून पाण्यावरची टॅक्सी ठरवा. मालकांना विचारलंत तर ते नंबर देतील. सहा माणसं आणि सगळं सामान मोठ्या बोटीतून एका फेरीत जाईल, पैसे वसूल आहेत. छोटी बोट मधल्या दिवसांत किराणा आणण्यापुरती ठेवा आणि तेव्हाही एका वेळी चारच जणांनी बसा.

बोट कोण चालवणार हे आजच ठरवा. कॅनडात मोटर असलेली कुठलीही बोट चालवायला ‘प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड’ लागतं. अभ्यास आणि परीक्षा ऑनलाइन होते आणि कार्ड एकदा काढलं की जन्मभर चालतं. तुम्ही दोघांनीही काढा. नवरा आजारी पडला आणि बोट चालवणारं दुसरं कोणी नसेल तर बेटावर अडकाल. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांना कार्ड असल्यास ४० हॉर्सपॉवरपर्यंतची बोट कायद्याने चालवता येते, म्हणजे तुमच्या तेरा वर्षांच्या मुलालाही. तो हट्ट करेलच. या खेपेला मोठं माणूस शेजारी बसलेलं असल्याशिवाय देऊ नका. आणि बोट चालवताना बिअरसुद्धा नको. ओंटारिओ प्रांतात पिऊन बोट चालवणं हा पिऊन गाडी चालवण्याइतकाच गुन्हा आहे आणि त्यात गाडीचं लायसन्सही जातं.

कार्डाने नियम कळतात, हात बसत नाही. पहिल्या दिवशी मालकांना किंवा त्यांच्या माणसाला अर्धा तास मागून घ्या आणि नवऱ्याला रिकाम्या बोटीत धक्क्याला लावायचा सराव करू द्या. धक्क्याकडे नेहमी वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने, माणूस चालतो त्या वेगाने यायचं, दोन बोटी अंतर राहिलं की मोटर न्यूट्रलला टाकायची आणि उरलेलं अंतर बोटीला आपोआप कापू द्यायचं. वारा पाठीशी घेऊन आलात तर बोट थांबतच नाही आणि मग कोणीतरी हाताने किंवा पायाने ती अडवायला जातं. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा: बोट आणि धक्का यांच्यामध्ये हात-पाय घालायचा नाही. ठोकर लागली तर लागू दे, पत्रा चेपेल, बोटं शाबूत राहतील.

मोटर बंद पडण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. पहिली दोन-चार मिनिटं नीट चालून मग गुदमरल्यासारखी बंद पडली, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद असेल तर टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल ओढलं जात नाही. सुरूच होत नसेल तर नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा आणि लाल दोरीची क्लिप जागेवर आहे का ते बघा. ती क्लिप निघाली की मोटर बंद पडते, ती त्याचसाठी असते. तिचं दुसरं टोक चालकाच्या लाइफ जॅकेटला किंवा मनगटाला अडकवलेलंच हवं. मोटरच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते. ती थांबली तर मोटरला थंड करणारं पाणी जात नाही, लगेच बंद करा. बहुधा पाणवनस्पती अडकलेली असते, ती काढली की काम होतं. ही मोटर पूर्ण वेगात तासाला साधारण साडेसात लिटर पेट्रोल पिते. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश शिल्लक, असा हिशोब ठेवा. पेट्रोलची टाकी बोटीत भरू नका, उचलून धक्क्यावर घ्या आणि तिथे भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साठून राहते.

आता नदी. या भागात १८६४ बेटं मोजली जातात आणि जी पाण्याच्या वर आलेली नाहीत त्यांची गोष्ट वेगळीच. सगळा ग्रॅनाइट आहे. वीस फूट खोल पाण्यात एखादा खडक पृष्ठभागाच्या हातभर खाली असू शकतो. प्रवाहाच्या वर, म्हणजे किंग्स्टनच्या दिशेने जाताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) उजव्या हाताला आणि हिरवा डाव्या हाताला राहिला पाहिजे, परतताना उलट. ज्या दोन बेटांमधून मालकांनी नेलेलं नाही त्यांच्यामधून शॉर्टकट घेऊ नका. ऊन समोरून येत असेल तर पाण्याखालचं काही दिसत नाही, तेव्हा वेग आणखी कमी करा.

मोठी मालवाहू जहाजं, सव्वादोनशे मीटर लांबीची, या पट्ट्यात अमेरिकन किनाऱ्याच्या बाजूने जातात, तुमच्या वाटेत येणार नाहीत. तुम्हाला त्रास होईल तो गॅनानॉक्वेहून सुटणाऱ्या पर्यटकांच्या बोटींच्या लाटांचा. लाट दिसली की वेग कमी करून ती तिरकी घ्या, साधारण पंचेचाळीस अंशांत. आडवी घेतली तर बोट हेलकावते, अगदी समोरून घेतली तर पुढचं टोक आपटतं. किराण्याच्या फेऱ्या सकाळी दहाच्या आत उरका, दुपारी नैर्ऋत्येचा वारा वाढतो. ईशान्येचा वारा सुटला तर तो प्रवाहाच्या उलट वाहतो आणि लाटा आखूड, उभ्या होतात. अशा दिवशी जाऊच नका, घरात डाळ-तांदूळ आहेत ना. जुलैत सूर्य पावणेनऊच्या सुमाराला मावळतो. त्यानंतर बोट धक्क्यालाच बरी.

लाइफ जॅकेट सगळ्यांनी धक्क्यावरच घालायचं, बोटीत बसल्यावर नाही. मुलांचं जॅकेट वजनानुसार मिळतं. घातल्यावर खांद्यांना धरून वर ओढून बघा, कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं होतंय. हवेने फुगणारी जॅकेट्स सोळा वर्षांखालच्यांना चालत नाहीत. सासूबाईंना बोटीत साडी नको. पाण्यात पडल्यास साडी पायांना गुंडाळते आणि जॅकेट असूनही पाय मारता येत नाहीत. सलवार-कमीज किंवा ट्रॅकपँट चालेल. सासऱ्यांनी उभ्याने बोटीत पाय टाकायचा नाही. आधी धक्क्याच्या कडेला बसायचं, पाय बोटीत सोडायचे, मग एकाने बोट आवळून धरायची आणि दुसऱ्याने काखेत हात घालून त्यांना अलगद आत घ्यायचं. बसायचं मधल्या फळीवर.

पाण्याच्या पंपाचं खातं मात्र सासऱ्यांकडे द्या. हे आम्ही त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. तिथला पंप त्यांच्या विहिरीवरच्या मोनोब्लॉकचाच भाऊ आहे: नदीत फूट व्हॉल्व्ह (पाणी परत उतरू न देणारी झडप), काळा प्लास्टिकचा पाइप, धक्क्याजवळ किंवा घराखाली पंप, पुढे हवेची उशी असलेली टाकी आणि दाब बघून मोटर चालू-बंद करणारा स्विच. मोटर फिरते पण पाणी उचलत नाही, असं झालं तर दोन-तीन मिनिटांच्या आत बंद करा, कोरडी चालली की सील जळतो. मेन स्विच पाडून वरचा बूच उघडा आणि तोंडापर्यंत पाणी भरा. भरलेलं पाणी खाली उतरत गेलं तर फूट व्हॉल्व्ह गळतोय, त्यात गवत किंवा नदीतले ‘झेब्रा’ नावाचे छोटे शिंपले अडकलेले असतात. पाणी टिकून राहिलं आणि तरीही पंप ओढत नसेल तर नदीकडच्या पाइपच्या कुठल्यातरी जोडावर हवा घेतोय. तिथले क्लॅम्प आवळा. ही दोन लक्षणं वेगळी ओळखता आली की अर्धा दिवस वाचतो.

नळ उघडल्यावर मोटर दर दोन सेकंदांनी टकटक चालू-बंद होत असेल तर टाकीतली हवा गेली आहे. मोटर बंद करून, नळ उघडून पाणी पूर्ण काढा आणि सायकलच्या पंपाने हवा भरा. स्विच तीस पीएसआय (दाबाचं माप) ला चालू आणि पन्नासला बंद होणारा असेल तर हवा अठ्ठावीस पीएसआय, म्हणजे चालू होण्याच्या दाबापेक्षा दोनने कमी. पाणी गेलेलं असताना गिझर चालू ठेवू नका. टाकी रिकामी असली तर त्यातली कॉइल जळते.

ते पाणी दिसायला काचेसारखं असतं आणि इथेच लोक फसतात. नदी स्वच्छ दिसते ती मुख्यतः झेब्रा शिंपल्यांमुळे. १९८०च्या दशकाच्या शेवटी जहाजांबरोबर ते या पाण्यात आले आणि पाण्यातलं तरंगतं सगळं गाळून खातात. पाणी नितळ झालं म्हणजे जंतू गेले असं नाही. मालकांना विचारा: पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही (अतिनील) दिवा आहे का, त्याच्या आधी पाच मायक्रॉनचं फिल्टर आहे का आणि दिवा कधी बदलला? वर्ष उलटलं की दिवा पेटलेला दिसतो, पण त्याचा जोर कमी झालेला असतो. वीज गेली की यूव्हीही गेलं. नीट उत्तर आलं नाही तर ते पाणी आंघोळ-भांड्यांपुरतं ठेवा. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर धरा, म्हणजे सहा जणांना २४ लिटर. साधारण १९ लिटरचे चार कॅन तीन दिवस पुरतात. अडचणीत नदीचं पाणी गाळून, खळखळ उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा.

संडासाबद्दल मालकांना संकोच न करता आत्ताच विचारा, कारण आपल्याकडच्या पाणी वापरायच्या सवयीचा इथे थेट संबंध आहे. सेप्टिक टाकी असेल तर पाणी वापरायला हरकत नाही, फक्त सहाही जणांच्या आंघोळी आणि कपडे एकाच सकाळी काढू नका. खडकावर मातीचा थर पातळ असतो, पाणी मुरायला वेळ लागतो. खत करणारा कोरडा संडास असेल तर त्यात पाणी ओतायचंच नाही. ओल वाढली की कुजण्याची क्रिया थांबते, वास सुटतो, माशा होतात. अशा ठिकाणी ओले पुसके वापरून झाकणाच्या डब्यात टाकायचे आणि प्रत्येक वापरानंतर डावभर भुसा घालायचा. कढईतलं तेल, भजीचं पीठ, आमटीचा गाळ मोरीत नको. कागदाने पुसून कचऱ्यात टाका. तो कचरा तुम्हालाच परत किनाऱ्यावर न्यायचा आहे, म्हणून भाज्या घरूनच निवडून न्या.

पोहताना मुलांच्या पायात जुने बूट हवेत, झेब्रा शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. कडेचा खडक दोन पावलांत संपतो आणि खाली एकदम खोल पाणी असतं, तेव्हा धक्क्यावर खेळतानाही धाकट्याला जॅकेट. ज्या धक्क्यावर विजेची जोडणी आहे किंवा बोट वायरने जोडलेली आहे, त्याच्या आसपास कोणी पोहायचं नाही. गोड्या पाण्यात गळणारी वीज माणसाच्या अंगातून जाते, स्नायू आखडतात आणि पोहणारा आवाजही न करता बुडतो. पाण्यात झिणझिण्या जाणवल्या तर धक्क्याकडे नाही, धक्क्यापासून लांब पोहायचं आणि काठावरच्यांनी आधी मेन स्विच पाडायचा. वाचवायला उडी मारायची नाही.

गोचीड हा तिथला खरा उपद्रव. या भागात लाइम रोग पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिड्या आहेत आणि जूनपासून जुलैपर्यंत फिरणारी त्यांची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. संध्याकाळी कानामागे, केसांच्या कडेला, कमरपट्ट्याखाली, जांघेत, गुडघ्याच्या मागे बोटं फिरवून बघा. दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, तेल लावू नका, काडीने चटका देऊ नका. ती चोवीस तासांहून जास्त चिकटून असल्याचा संशय असेल तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत औषधाचा एक डोस उपयोगी पडतो. ओंटारिओत त्यासाठी औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टही मदत करू शकतो. मुलांना गोचिड्या दूर ठेवणारा २० टक्के इकारिडिनचा स्प्रे लावा. तीन पानांचा एकत्र झुबका दिसला की हात लावू नका, पॉयझन आयव्ही ही अंगाला खाज आणणारी वेल असू शकते, आणि ती वाळलेली असली तरी शेकोटीत टाकायची नाही. लांबलचक काळा साप दिसला तर तो बहुधा रॅटस्नेक, बिनविषारी. तो कायद्याने संरक्षित आहे. त्याला जाऊ द्या.

सासऱ्यांची औषधं ठरल्या दिवसांपेक्षा पाच दिवस जास्तीची न्या. इन्सुलिन असेल तर वीज गेल्यास लागणारा बर्फाचा कूलर वेगळा ठेवा आणि इन्सुलिन बर्फाला टेकू देऊ नका, गोठलं की वाया जातं. तातडीच्या मदतीसाठी ९११ला फोन केल्यावर फक्त “गॅनानॉक्वेजवळचं बेट” सांगून भागत नाही. बेटाचं नाव आणि अधिकृत क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा. मोठं रुग्णालय किंग्स्टनला, गॅनानॉक्वेपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. फोनमध्ये नेटवर्क आपोआप निवडायची सोय बंद करून कॅनडाचं नेटवर्क हाताने निवडा, नाहीतर तो अमेरिकन टॉवर पकडतो आणि रोमिंगचं बिल येतं.

टॉवरसारखीच सरहद्दही जवळ आहे, ती या बेटांमधूनच जाते. सासू-सासऱ्यांकडे फक्त कॅनडाचा व्हिसा असेल तर हार्ट आयलंडवरचा बोल्ट किल्ला बघायला त्यांना उतरता येणार नाही, ते बेट अमेरिकेत आहे. तुमचे पासपोर्ट भारतीय असतील तर नुसत्या पीआर (कायम रहिवासी) कार्डावर तुम्हालाही नाही. गॅनानॉक्वेहून सुटणारी, किल्ल्यावर न थांबणारी फेरी घ्या, तो लांबून छान दिसतो. स्वतःच्या बोटीने पलीकडे जाऊन नांगर टाकणं किंवा दुसऱ्या बोटीला बोट लावणं हेही उतरण्यासारखंच धरलं जातं.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. त्यांनी २०१९ साली सांगलीत कृष्णेचं पाणी बघितलं असेल तर त्यांची भीती रास्त आहे. त्याच वर्षी जूनमध्ये इकडे ओंटारिओ सरोवरानेही विक्रमी पातळी गाठली होती, कित्येक धक्के पाण्याखाली गेले होते. पण दोन्ही पाण्यांचा स्वभाव निराळा. कृष्णा एका रात्रीत चढते. सेंट लॉरेन्सच्या मागे अख्खं सरोवर आहे, शिवाय खाली कॉर्नवॉलच्या धरणातून विसर्ग ठरवला जातो, त्यामुळे पातळी हलते ती आठवड्यांच्या हिशोबाने. साधारणपणे उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती सर्वात वर असते आणि मग उतरत जाते. म्हणजे तुमच्या मुक्कामात पाणी चढण्यापेक्षा उतरण्याचा संभव अधिक. उतरलं की धक्का आणि बोट यांच्यातली पायरी उंच होते, तेव्हा सासऱ्यांसाठी एक लाकडी पाट बोटीत ठेवा आणि बोटीचे दोर दर दोन दिवसांनी बघून लागतील तेवढे सैल करा.